बुधवारची भाजी पुढच्या मंगळवारपर्यंत: पिशवीपासून फोडणीपर्यंतचा क्रम

नाशिकला गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, भरणाऱ्या बुधवारच्या बाजारातून आणलेली कोथिंबीर शनिवारी काळी पडते, मेथी पिवळी होते, भेंडी चिकट होते. ही तक्रार इतक्या घरांतून ऐकू येते, की एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवावं म्हटलं. दोष बहुतेक वेळा भाजीचा नसतो आणि फ्रीजचाही नसतो. दिंडोरी, गिरणारे, सिन्नरकडून येणारा माल ताजाच असतो. चुकतो तो क्रम. कप्प्यात काय उरलंय ते न बघता यादी होते. पालेभाजी सगळ्यात आधी घेतली जाते आणि तिच्यावर बटाटे पडतात. घरी आल्या आल्या सगळं धुऊन ओलंच डब्यात जातं. मग रोज सकाळी जी भाजी हाताला लागेल ती चिरली जाते, आणि नाजूक भाजी मागे राहून सडते.

पुढचे टप्पे चार माणसांच्या आणि आठवड्यातून एकदाच मोठी खरेदी करणाऱ्या घरासाठी लिहिले आहेत. तुमचा वार वेगळा असेल, किंवा बाजाराऐवजी कॉलनीत येणारी हातगाडी असेल, तरी क्रम हाच ठेवा.

## टप्पा १: मंगळवारी रात्री आधी कप्पा उपसा, मग यादी करा

यादी डोक्यातून करू नका. फ्रीजचा भाजीचा कप्पा पूर्ण बाहेर काढा, सगळं ओट्यावर मांडा. कांद्या-बटाट्याची टोपलीही उलटी करून बघा, कारण तळाशी एखादा सडका कांदा निघतोच आणि तो शेजारच्या दोन-तीन कांद्यांना घेऊन बसतो. कप्पा कोरड्या फडक्याने पुसून घ्या. मागच्या आठवड्याचा ओलावा आणि पानांचे सडके तुकडे त्यातच राहिले, तर नवी भाजी दोन दिवस आधी खराब होते.

आता यादी. चार माणसांसाठी माझा अंदाज असा: कांदे दोन किलो, बटाटे एक किलो, टोमॅटो दीड किलो, पालेभाजीच्या तीन जुड्या, फळभाज्या चार प्रकारच्या आणि प्रत्येकी अर्धा किलो, एक कोबी किंवा फ्लॉवरचा गड्डा, कोथिंबिरीची एक मोठी जुडी, मिरच्या शंभर ग्रॅम, लसूण पाव किलो, थोडं आलं, पाच-सहा लिंबं. घरात डबे नेणारे जास्त असतील तर फळभाजी वाढवा. पालेभाजी वाढवू नका, कारण तीनपेक्षा जास्त जुड्या दोन दिवसांत संपवणं बहुतेक घरांना जमत नाही.

यादीत भाजीच्या नावापुढे वार लिहा. मेथी, गुरुवार. वांगी, शनिवार. एवढ्या एका सवयीने बाजारात हात आवरतो. ज्या भाजीला वार मिळत नाही ती भाजी घ्यायची नाही, मग ती कितीही स्वस्त असो.

तपासा: आठवड्यात एकादशी, संकष्टी किंवा कुणाचा उपास आहे का? बाहेर जेवायला जायचं आहे का? तेवढे वार यादीतून आधीच वजा करा.

## टप्पा २: पिशव्या

तीन कापडी पिशव्या लागतात: एक जाड, कांदा-बटाट्यासाठी, एक मध्यम, फळभाज्यांसाठी, एक मोठी आणि हलकी, फक्त पालेभाजीसाठी. शिवाय टोमॅटोसाठी एक लहान डबा किंवा कडक टोपली. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहेच, पण भाजीच्या दृष्टीने कारण आणखी साधं आहे. प्लॅस्टिकमध्ये पाल्याचा दमटपणा कोंडतो आणि उन्हाळ्यात बाजारातून घरी येईपर्यंतच पानं शिजल्यासारखी मऊ पडतात.

सुटे पैसे जवळ ठेवा. पाटी घेऊन बसलेल्या मावशींकडे मोबाइलवर पैसे घ्यायची सोय असेलच असं नाही.

## टप्पा ३: बाजारात आधी फेरी, मग खरेदी

बुधवारी घाटावर पोचल्यावर पहिल्याच पाटीसमोर थांबू नका. रिकाम्या पिशव्या घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा आणि फक्त भाव ऐका. त्या दिवशी कोणत्या भाजीची आवक जास्त आहे हे पाच-दहा मिनिटांत कळतं. जी भाजी सगळीकडे ढिगाने दिसते ती त्या दिवशी ताजी आणि स्वस्त असते. जी दोन-तीन ठिकाणीच दिसते ती महाग तरी असते किंवा कालची तरी.

खरेदीचा क्रम जडाकडून हलक्याकडे ठेवा:

1. कांदे, बटाटे, लसूण, आलं
2. लाल भोपळा, दुधी, कोबी, फ्लॉवर
3. वांगी, गवार, कारली, दोडकी, गिलकी, भेंडी
4. मिरच्या, लिंबं
5. टोमॅटो
6. पालेभाज्या आणि कोथिंबीर, अगदी निघताना

यात सगळ्यात जास्त चुकते ती सहावी पायरी. पालेभाजी दिसायला छान, म्हणून डोळा आधी तिच्यावरच जातो. पण हातात घेतलेली जुडी पुढचा तासभर उन्हात फिरते, दाबली जाते, आणि दाबलेलं पान त्याच रात्री काळं पडायला लागतं.

सकाळी जावं की संध्याकाळी? बाजार उठायच्या वेळी भाव उतरतात हे खरं. कांदे, बटाटे, भोपळा संध्याकाळी खुशाल घ्या. पाला मात्र सकाळचाच घ्या. दिवसभर पाणी मारून टवटवीत ठेवलेली जुडी रात्री स्वस्त मिळते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टाकावी लागते.

सावध: वजन करण्याआधी इलेक्ट्रॉनिक काटा शून्यावर आहे का ते बघा. टोपली ठेवून तोलत असतील तर टोपलीचं वजन वजा झालंय का, ते विचारायला संकोच करू नका. "मावशी, काटा एकदा शून्य करा ना" म्हटलं की कुणाला राग येत नाही.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घाटावरचा बाजार नेहमीसारखा भरत नाही. त्या आठवड्यात जवळच्या मंडईतून दोनदा थोडी थोडी भाजी घेणं बरं. पावसात भिजलेला पाला आठवडाभर टिकतच नाही, त्यामुळे एकदम घेण्यात अर्थही नसतो.

## टप्पा ४: निवड कशी करायची

सगळ्या भाज्यांना एकच नियम लागू पडत नाही. जिथे लोक हमखास फसतात त्या भाज्या घेऊ.

कांदा. नाशिककरांनी कांद्यात चुकू नये, तरी चुकतात. थंडीत येणारा लाल कांदा पाणीदार असतो आणि टिकत नाही. तो एक-दोन आठवड्यांचाच घ्या. मार्च ते मे या काळात निघणारा उन्हाळ कांदा साठवणीचा. पावसाळ्यापुरता कांदा भरून ठेवायचा असेल तर तो एप्रिल-मे मध्ये, मान पूर्ण वाळलेला बघून घ्या. अंगठ्याने मानेवर दाबा. मान मऊ लागली तर तो कांदा आतून सडायला लागलेला असतो. काळी भुकटी वरच्या सालीवर असेल तर ती बुरशी असते. साल आणि त्याखालचा पापुद्रा काढून, कांदा धुऊन वापरता येतो. आतले पापुद्रेही काळे किंवा मऊ असतील तर टाकून द्या.

बटाटा. हिरवी झाक असलेला एकही घेऊ नका. उजेडात राहिल्याने बटाट्यात सोलानिन नावाचं विषारी द्रव्य वाढतं, ते शिजवूनही जात नाही. मातीचे बटाटे धुतलेल्यांपेक्षा जास्त टिकतात.

टोमॅटो. सगळे लालभडक घेणं ही नेहमीची चूक. तिसरा हिस्सा पिकलेले घ्या, बाकीचे अर्धवट पिकलेले, देठाजवळ हिरवट. पिंपळगावकडून येणारा जाड सालीचा टोमॅटो आठवडा काढतो. पातळ सालीचा गावरान आंबट आणि चवीला छान, पण तो दोन दिवसांपुरताच.

भेंडी. शेंडा कट्कन मोडला पाहिजे. एखाददुसरीच मोडून बघा. अख्खी पाटी मोडत बसलात तर विकणाऱ्याचं नुकसान होतं, कारण मोडलेली भेंडी पुढचं गिऱ्हाईक घेत नाही. मध्यम आकाराची, लव असलेली निवडा.

वांगी. देठ हिरवा आणि काटे टोचणारे असतील तर वांगं ताजं. आकाराच्या मानाने हलकं असेल तर आत बिया कमी. भरताला मोठं वांगं घेताना फिरवून बारीक छिद्र शोधा. छिद्र दिसलं की आत अळी असायची शक्यता धरा.

दुधी आणि गिलकी. नख सहज रुतलं पाहिजे. दोन्ही लहान आणि कोवळीच घ्या. गिलकी तर दोन दिवसांत जाळीदार होतात.

पालेभाजी. जुडी वरून बघू नका. बांधलेला दोरा किंचित सैल करून मधली पानं बघा, सड तिथूनच सुरू होते. मेथीला फुलं आली असतील तर ती कडू लागते. शेपू आणि चुका काड्यांनी जाड असतील तर जून. जुडी हातात घेऊन खाली झटका, जितकं पाणी तिथेच जाईल तितकं बरं.

पावसाळ्यात पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या बायका रानभाज्या घेऊन येतात: कुरडू, टाकळा, करटुली, शेवळं. जरूर घ्या, आणि घेताना "कशी करता ओ ताई?" हे विचारून घ्या. शेवळं काकडं (आंबट रानफळं) किंवा चिंचेशिवाय केली तर घशाला खाज सुटते. ओळख पक्की नसलेली भाजी स्वतः रानातून खुडून आणू नका.

द्राक्षं. हंगामात यादीत ती असणारच. देठ हिरवा असेल तर घड ताजा. मण्यावरचा पांढरट थर नैसर्गिक मेणाचाही असतो, त्याने घाबरायचं कारण नाही. पण धुवायची खायच्या आधीच, आणल्या आणल्या धुतलेला घड लवकर सडतो.

## टप्पा ५: घरी आल्यावरचा पहिला तास

हा टप्पा नीट झाला तर आठवडा निघतो. हाच टप्पा लोक "नंतर बघू" म्हणून सोडतात, चहा होतो, मालिका लागते, आणि भाजी पिशवीतच रात्र काढते.

पिशव्या उघडून आधी पालेभाजी बाहेर काढा. जमिनीवर किंवा खाटेवर जुनी सुती साडी किंवा धोतर पसरा. जुड्या सोडा, पानं मोकळी करून पसरा आणि पंखा लावा. पंधरा-वीस मिनिटांत वरचं पाणी उडतं. तोपर्यंत बाकीचं आवरून घ्या.

मोठी चूक: आणल्याबरोबर धुणे. स्वच्छतेच्या हेतूने सगळी भाजी नळाखाली धुऊन, निथळली न निथळली तोच डब्यात भरली जाते. पानांमध्ये अडकलेलं पाणी हेच सडण्याचं मुख्य कारण आहे. भाजी चिरण्याच्या आधी धुवा, ठेवण्याच्या आधी नाही. मातीने फारच भरलेली असेल तर कोरड्या फडक्याने झटका.

आता निवडायला बसा. मेथीची पानं खुडताना कोवळा शेंडा दोन पानांसह घ्या, जाड काडी सोडा. पिवळं पान एकही आत जाऊ देऊ नका, कारण एक पिवळं पान शेजारच्या हिरव्यांना पिवळं करतं. खुडलेली पानं कोरड्या सुती पिशवीत सैल भरा. दाबून भरलेल्या पिशवीत मधली पानं तापतात.

पालक खुडू नका. मुळं कापून, काड्यांसकट कोरड्या फडक्यात गुंडाळा. खुडलेला पालक खुडलेल्या मेथीपेक्षा लवकर लोळतो.

कोथिंबिरीचे दोन मार्ग आहेत. रोज लागत असेल तर मुळं ठेवून, काड्या ग्लासात दोन बोटं पाण्यात उभ्या करा आणि वरून सैल फडकं टाका. पाणी एक दिवसाआड बदला. कमी लागत असेल तर मुळं कापून, सडकी पानं काढून, पूर्ण कोरडी झाल्यावर सुती कापडात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आधी चिरून ठेवलेली कोथिंबीर दोन-तीन दिवसांत काळपट होते.

मिरच्यांचे देठ काढा. देठ जिथे चिकटलेला असतो तिथूनच बुरशी धरते. डब्यात तळाशी कोरडं फडकं, वर मिरच्या. कढीपत्ता काडीवरून काढून, कोरडा करून डब्यात. लिंबं उघडी ठेवली तर वाळून खडा होतात. घट्ट डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवली तर रसदार राहतात.

भाजी गुंडाळायला वर्तमानपत्र वापरू नका. छपाईची शाई अन्नाला लागू नये, अशी सूचना अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही दिलेली आहे. जुन्या सुती साड्यांचे हातभर लांबीचे तुकडे करून ठेवा. ते धुऊन वर्षानुवर्षं चालतात.

तपासा: फ्रीजमध्ये जाणाऱ्या प्रत्येक पिशवीत हात घाला. बोटांना ओल लागली तर ती पिशवी परत पंख्याखाली.

## टप्पा ६: कुणाची जागा कुठे

कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवू नका. बटाट्याच्या ओलाव्याने कांदा सडतो, आणि दोघांच्या सोबतीने बटाट्याला मोडही लवकर येतात. कांदा हवेशीर, जाळीच्या टोपलीत. बटाटा अंधारात, गोणपाटाखाली किंवा बंद कपाटात. दोन्ही फ्रीजबाहेर. बटाटा फ्रीजमध्ये ठेवला की त्यातल्या स्टार्चची साखर होते, तळताना तो लवकर काळपट होतो आणि गोडसर लागतो.

पिकती केळी, आंबे, सफरचंद, पिकलेले टोमॅटो यांच्यातून इथिलीन वायू बाहेर पडतो. त्याने पाला पिवळा पडतो आणि गाजर कडवट होतं. म्हणून फळं आणि पालेभाजी एका कप्प्यात नकोत. केळ्यांचा घड तर ओट्यावर कांद्या-बटाट्यापासूनही दूर टांगा.

अर्धवट पिकलेले टोमॅटो बाहेरच, देठ खाली करून एका थरात मांडा. थंडीने त्यांचं पिकणं थांबतं आणि चव जाते. पूर्ण पिकल्यावर, आणि नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर नक्कीच, फ्रीजमध्ये टाका. वापरण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवा.

वांगी, भेंडी, काकडी, ढोबळी मिरची यांना फार थंडी सोसत नाही. वांग्यावर खड्डे पडतात, आतल्या बिया तपकिरी होतात. यांना मागच्या भिंतीला टेकवू नका, भाजीच्या कप्प्यातच कापडात ठेवा आणि चार दिवसांच्या आत संपवा. थंडीच्या दिवसांत निफाडकडचा गारठा शहरातही जाणवतो. तेव्हा वांगी आणि दुधी घरातल्या गार कोपऱ्यात बाहेरच छान राहतात.

फ्लॉवर आणि कोबी पानांसकट, न धुता, कप्प्यात. लाल भोपळा अख्खा असेल तर बाहेर कितीतरी दिवस राहतो. चिरलेली फोड मात्र बिया काढून, झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत वापरा.

भाजीशी थेट संबंध नाही, पण जागेचाच विषय आहे म्हणून सांगतो: थंडीत बाजरीचं दळण महिन्याचं एकदम आणू नका. बाजरीत तेलाचा अंश असतो आणि पीठ लवकर खवट होऊन कडू लागतं. आठ-दहा दिवसांपुरतंच दळा.

## टप्पा ७: कोणती भाजी कोणत्या वारी

आवडीने ठरवायचं नाही, टिकण्यावरून ठरवायचं. माझा क्रम असा चालतो:

बुधवार रात्र: पालक, चुका किंवा शेपू. जे सगळ्यात नाजूक ते त्याच दिवशी.
गुरुवार: मेथी. सकाळी भाजी, उरलेल्या पानांचे संध्याकाळी ठेपले किंवा मुठिया.
शुक्रवार: भेंडी, किंवा गिलक्याची भाजी. भजीही.
शनिवार: वांगी, गवार, कारली यांपैकी एक. भरीत-भाकरीला हा वार बरा.
रविवार: फ्लॉवर-मटार किंवा दोडका-डाळ. वेळ असतो, म्हणून जास्त निवडावी लागणारी भाजी या दिवशी.
सोमवार: कोबी किंवा दुधी.
मंगळवार: बटाटा, लाल भोपळा किंवा मोडाची मटकी.

मटकीचं गणित आधीच मांडावं लागतं. मंगळवारी सकाळी मोड हवे असतील तर रविवारी रात्री भिजत घाला, सोमवारी सकाळी पाणी काढून, एकदा धुऊन, ओल्या सुती फडक्यात बांधा. उन्हाळ्यात त्याच रात्री मोड येतात, मग फ्रीजमध्ये ठेवून द्या. डिसेंबर-जानेवारीत येत नाहीत. तेव्हा पुरचुंडी झाकणाच्या भांड्यात घालून गॅसच्या जवळच्या उबदार जागी ठेवा. पाणी पूर्ण निथळलं नसेल तर मटकीला वास येतो, आणि असा वास आलेली मटकी शिजवून सुधारत नाही.

पालेभाजी धुण्याची पद्धत. चाळणीत घालून वरून पाणी सोडल्याने माती जात नाही. मोठ्या परातीत भरपूर पाणी घ्या, त्यात पानं सोडून हलकेच वरखाली करा, दोन मिनिटं तसंच राहू द्या. माती तळाशी बसते. मग पानं दोन्ही हातांनी वरून उचलून दुसऱ्या भांड्यात घ्या. परात उलटी करून ओतलीत तर खाली बसलेली सगळी माती पुन्हा पानांवर येते. दाताखाली येणारी कचकच बहुतेक इथूनच येते. तळाशी माती दिसेनाशी होईपर्यंत हे करा. साध्या दिवसांत तीन पाणी पुरतात, पावसाळ्यात एखादं जास्त लागतं. धुतल्यावर चिरा, चिरून धुऊ नका, रंग आणि सत्त्व पाण्यात जातं.

भेंडी अख्खी धुवा, फडक्याने एकेक पुसा, मगच चिरा. ओल्या भेंडीचा चिकटपणा कितीही परतलं तरी जात नाही. मीठही शेवटी घाला. फ्लॉवरचे तुरे काढून मिठाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवा, आतल्या अळ्या वर येतात.

सावध, हे गंभीर आहे: दुधी, दोडका, काकडी चिरल्यावर कच्चा छोटा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंकून टाका आणि अख्खं फळ फेका. कडू दुधीतला कुकुरबिटासिन हा विषारी घटक शिजवून निघत नाही. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दवाखान्यात भरती झाली आहेत, मृत्यूही झाले आहेत. "थोडा गूळ घालू" हा उपाय नाही.

## आधी करून ठेवायचं काय, आणि काय नाही

नोकरी करणाऱ्या घरांत रविवारी सगळ्या भाज्या चिरून डबे भरून ठेवायची पद्धत आलीय. माझा तिला विरोध आहे. चिरलेली भेंडी बुळबुळीत होते, चिरलेल्या कोबीला वास येतो, वांगं काळं पडतं. वेळ वाचवायचा असेल तर तो दुसरीकडे वाचवा:

- लसूण सोलून घट्ट डब्यात, फ्रीजमध्ये. आठवडाभर चालतो.
- आलं-लसणाचं वाटण मीठ घालून फ्रीजमध्ये. तेलात बुडवलेला लसूण बाहेर ओट्यावर ठेवू नका, तेलाखाली हवा नसल्याने घातक जंतू वाढू शकतात.
- रश्श्याचं वाटण: कांदा आणि सुकं खोबरं भाजून, वाटून, एका वेळेपुरते गोळे करून फ्रीजरमध्ये. काळा मसाला मात्र ऐन वेळी तेलात घाला.
- हंगामात मटार सोलून, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं घालून, लगेच गार पाण्यात काढून, कोरडे करून फ्रीजरमध्ये.
- दाण्याचा कूट महिन्याचा करू नका, आठवड्याचाच करा.

## टप्पा ८: शिजवलेलं उरलं तर

भाजी, आमटी, विशेषतः भात, शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला पाहिजे. मेमध्ये याहून लवकर. पातेलं गरम आहे म्हणून रात्रभर ओट्यावर राहतं, ही सवय मोडा. भात पसरट ताटात काढला की पंधरा मिनिटांत निवतो. बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाचे जंतू विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. सकाळच्या फोडणीच्या भाताने पोट बिघडलं तर दोष फोडणीचा नसतो, रात्रीच्या ओट्याचा असतो.

गरम करताना लागेल तेवढंच काढून वाफ येईपर्यंत गरम करा. तेच भांडं पुन्हा पुन्हा बाहेर काढून गरम करणं टाळा. पालकाची किंवा माठाची उरलेली भाजी दुसऱ्या दिवशीच संपवा.

आणि मंगळवारी संध्याकाळी कप्प्यात दोन गाजरं, अर्धा कोबी, एक वांगं, मूठभर गवार असं किडूकमिडूक उरलंच असेल, तर त्याला वेगळा वार शोधू नका. सगळं बारीक चिरा, कांदा आणि ओलं वाटण परतून घ्या, मसाला घाला, कुकरमध्ये तांदूळ-मुगाच्या डाळीसोबत तीन शिट्ट्या करा. वर तूप, सोबत पापड आणि लिंबू. कुकर गार होईपर्यंत रिकामा कप्पा पुसून वाळत ठेवा आणि उद्याची यादी लिहायला घ्या.